जोडीचं आतलं चाक

मामांना थांबणं माहीत नव्हतं. सिग्नल लागला की थांबायचे, मेंढरं आडवी आली की थांबायचे, पण तेवढ्या वेळातही त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. चहासाठी, ओळखीच्या माणसासाठी, एवढंच काय निसर्गाच्या हाकेसाठीही भरलेली गाडी उभी करायची नाही, असा त्यांचा नेम होता. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "मामांना न्यायला यम आला तर त्यालाही धावत्या गाडीतच चढावं लागेल." मामा हसायचे नाहीत. विनोद कळायचा नाही असं नाही, पण या एका बाबतीत त्यांना विनोद चालायचा नाही.

ते कोंबड्यांच्या हॅचरीत गाडीवर होते. यंत्रात उबवलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली की ती भोकांच्या खोक्यांत भरून लांबलांबच्या पोल्ट्रीवाल्यांकडे पोचवायची, हे त्यांचं काम. मुठीत मावेल एवढं पिल्लू, पिवळं, मऊ, आणि मरायला टपलेलं. गारठलं तर मरतं, तापलं तर मरतं, घाबरून एकमेकांवर चढली तर खालची मरतात. गाडीत थंडाव्याची सोय नव्हती. टपाच्या पुढच्या बाजूला झरोके होते. गाडी धावली की वारा आत शिरायचा, खोक्यांच्या रांगांतून फिरायचा आणि मागच्या जाळीतून बाहेर पडायचा. मालकांनी आत दोन पंखे लावले होते, पण ते रुसक्या पाहुण्यांसारखे, असले तर असले. तेव्हा हिशेब सरळ होता. गाडी धावते तोवर पिल्लं जगतात.

हा हिशेब मामांना कोणी शिकवला नव्हता. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा पुढचा पूल बंद झाला म्हणून त्यांची गाडी भर उन्हात रांगेत अडकली होती. रांग हलली तेव्हा त्यांनी जाऊन मागचं दार उघडलं. भरलेल्या गाडीतून इतकी शांतता येऊ शकते हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. परत आल्यावर मालकांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं फावडं आणून दिलं.

त्यानंतर मामांनी केबिनच्या मागच्या पत्र्याला वीतभर खिडकी पाडून घेतली आणि कायमची उघडी ठेवली. गाडी चालवताना अर्धं लक्ष रस्त्यावर, अर्धं त्या खिडकीत. पिल्लं बारीक आवाजात एकसारखी कुजबुजत असली की सगळं ठीक. आवाज चिरका झाला की ती तापली. मग मामा ॲक्सिलरेटरवर पाय दाबायचे, वारा वाढायचा आणि आवाज खाली यायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि कधी चुकलं नाही. एखादी गोष्ट इतकी वर्षं चुकली नाही की माणूस तिच्यावर डोळे मिटून विसंबतो. मामा तर चाकांकडे आणि इंजिनाकडेही कान द्यायचे विसरले होते.

आणि मग जावई आले. म्हणजे जावई आधीपासून होतेच, पण गाडीत आले.

जावई सूतगिरणीत यंत्रावर होते. गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले. सुरुवातीला रोज दाढी करून काम शोधायला बाहेर पडायचे, मग दिवसाआड, मग दाढीही राहिली. मामांची मुलगी एकदा माहेरी आली आणि भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "बाबा, ते दिवसा भिंतीकडे तोंड करून झोपतात. झोपत नाहीत, नुसते पडून राहतात. मला भीती वाटते." मामांना बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही एकच मुलगी. तिच्या तोंडून भीती हा शब्द त्यांनी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला.

ते मालकांकडे गेले. आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, ते जावयासाठी मागितलं. मालक म्हणाले, "दुसरी गाडी घ्यायचीच आहे मला. तुमच्याबरोबर एक खेप येऊ दे त्यांना. माल धड पोचला आणि माणूस कामाचा वाटला तर गाडी त्यांची." एवढंच. एक खेप धड पोचायची होती. मुलीच्या घरातली ती भिंत, ते पडून राहणं, सगळं त्या एका खेपेवर येऊन ठेपलं होतं. मामांना तीन रात्री नीट झोप लागली नाही.

खेपेच्या दिवशी लस टोचायचं यंत्र अडलं. पहाटे निघायची गाडी उन्हं डोक्यावर येईस्तोवर फाटकातच. मामा येरझारा घालत होते आणि यंत्रवाल्याच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करत होते. शेवटचा खोका आत गेला तेव्हा त्यांनी दार आपटलं आणि धावतच केबिन गाठली. जावई मात्र मागच्या चाकांपाशी वाकून काहीतरी बघत होते.

"मामा," ते म्हणाले, "हे आतलं चाक बसल्यासारखं वाटतंय."

गाडीला मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं होती, एक बाहेरचं आणि त्याला खेटून एक आतलं. मामांनी खाली उतरून बाहेरच्या टायरवर लाथ मारून पाहिली. ते टणक होतं. आतल्याकडे त्यांनी नजर टाकली. बसलं होतं खरं. पण ते काढायचं म्हणजे आधी बाहेरचं काढायला हवं, मग आतलं, मग दोन्ही पुन्हा चढवायची. तासाचा खोळंबा आणि तोही या उन्हात.

"जोडीला जोडी असते ती कशाला, जावईबापू? एक बसलं तर दुसरं ओढतं. संसारासारखं आहे ते," मामा म्हणाले. "चला बसा. वाटेत हवा भरू."

जावई हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मामांना वाटलं, दिवस चांगला जाणार.

खरं सांगायचं तर यात मामांचं वेगळं असं काही नव्हतं. जोडचाकातलं एक बसलं तरी गाडी पळते, हे ड्रायव्हर लोक एकमेकांना मोठेपणाने सांगत असतात. रिकामी गाडी चार पावलं हळू न्यायची असेल तर पळतेही. पण भरल्या गाडीत सगळं ओझं एकट्या बाहेरच्या चाकावर येतं आणि ते तापतं, आतलं रिकामं टायर चिरडत, घासत फिरतं आणि तेही तापतं. दोघांच्या मध्ये वाराही धड शिरत नाही. केबिनमधून यातलं काही दिसत नाही, गाडी नेहमीसारखीच पळत राहते. पुढचं चाक बसलं तर स्टिअरिंग बोंब मारतं. हे गुपचूप मरतं.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना माळ आणि झाडाच्या नावाने एक खुंटही नाही. मामा खुलले होते. खिडकीतून येणारी कुजबुज कशी ऐकायची, ते जावयांना शिकवत होते. "आता बघा, कशी गप्पा मारतायत. आता आवाज चढेल, चढला की पाय दाबायचा. डॉक्टरला नाडी तसा आपल्याला हा आवाज." जावई मान डोलवत होते, पण मध्येच त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"मामा, काहीतरी जळतंय."

"रस्त्यावरचं डांबर. या दिवसांत असंच."

"डांबर नाही. गिरणीत पट्टा घासला की असा वास यायचा. आम्ही आधी यंत्र बंद करायचो, मग बघायचो कुठे ते."

"यंत्राला जीव नसतो, जावईबापू," मामा म्हणाले. "बंद केलं काय आणि चालू ठेवलं काय. इथे मागे जीव आहेत."

जावई खिडकीबाहेर बघू लागले. सासऱ्याने मिनतवारी करून मिळवलेली संधी, पहिलाच दिवस, त्यात शहाणपणा कुठवर दाखवायचा, असाही माणूस विचार करतो. पुढे एक पंक्चरवाल्याचं दुकान आलं. बाहेर जुन्या टायरांची उतरंड आणि तिच्या सावलीत बाकावर टायरवाला बसलेला. गाडी जवळ आली तसा तो उठून उभा राहिला, मागच्या चाकाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडला. जावई म्हणाले, "थांबवा मामा, तो काय म्हणतोय बघू." मामांनी वेग कमी केला. कमी केला हे खरं. पण वेग उतरताच वारा उतरला, आणि मागच्या खिडकीतून एकदम चिरका आवाज आला. मामांचा पाय आपोआप खाली गेला आणि दुकान मागे पडलं.

आवाज मात्र या वेळी उतरला नाही. मामांनी आणखी दाबलं, तरी उतरला नाही. उलट चढतच गेला, एकेका पिल्लाच्या गळ्यात सुई टोचावी तसा. असं कधी झालं नव्हतं. वारा आहे, झरोके उघडे आहेत, गाडी कधी नव्हे इतकी पळतेय, मग ही तापतायत कशाने? त्यांच्याकडे एकच औषध होतं आणि ते लागू पडत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचीच मात्रा वाढवली. मागच्या फळ्यांखाली रबर पेटलं होतं, धग वरून नव्हे तर खालून लागत होती आणि गाडी जितकी पळत होती तितकं ते फुलत होतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

"मामा, धूर," जावई म्हणाले. आरशात काळा पट्टा दिसत होता. "मामा, हात जोडतो, थांबवा."

"थांबलो तर सगळी मरतील हो," मामा म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. "तुमची नोकरी जाईल. कळत कसं नाही तुम्हाला?"

तेवढ्यात मागून कर्णा वाजवत आलेल्या एका ट्रकने त्यांना गाठलं आणि सरळ पुढे आडवा झाला. थांबणं भाग पडलं. गाडी उभी राहिली, वारा पडला आणि इतका वेळ मागे ओढली जाणारी आग उभी होऊन टपाला चाटू लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मामा उडी मारून उतरले तेव्हा दोन्ही चाकं दिसत नव्हती, नुसता काळा धूर आणि आत लाल.

ट्रकवाला पाण्याचे कॅन घेऊन धावत आला, पण पाच-सात पावलांवर थबकला. "लांब व्हा," तो म्हणाला. "बाहेरचं टायर अजून भरलेलं आहे. फुटेल ते. कोणी जवळ जाऊ नका."

मामांना ते ऐकू आलं. नंतर पुष्कळदा त्यांनी स्वतःला विचारलं, ऐकू आलं होतं का? आलं होतं. पण मागच्या जाळीतून किंचाळी येत होती. त्या क्षणी त्यांना ना जावई दिसले, ना मुलगी, ना आग. त्यांना फावडं दिसलं.

"खोके काढा," ते ओरडले. "जावईबापू, खोके."

जावयांनी ट्रकवाल्याकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि ते दाराकडे गेले. मामाही गेले. दोघांनी दार उघडलं, हाताला चटके बसत होते तरी खोके ओढले, लांब नेऊन मातीत ठेवले, परत गेले. मामांचा एक खोका निसटून फुटला आणि पिल्लं रस्त्याच्या कडेला सांडली. ती गोळा करायला ते खाली वाकले, तेवढेच ते मागे राहिले. जावई एकटेच पुढे गेले.

आवाज असा झाला की मामांना तो ऐकू आलाच नाही, अंगावर आला. टायर फुटलं आणि चाकाची लोखंडी रिंग सुटून उडाली. धूर बाजूला झाला तेव्हा जावई रस्त्यावर बसलेले होते, अगदी शांत, एखाद्याने बसायला सांगितल्यासारखे. डावा पाय पोटरीपासून भलत्याच दिशेला वळला होता. ट्रकवाल्याने खांद्यावरचा पंचा काढून जखमेच्या वर घट्ट आवळला, त्यांना उचलून आपल्या केबिनमध्ये घातलं आणि मामांना दंडाला धरून वर ओढलं. मामांच्या मुठीत एक पिल्लू होतं. ते केव्हा सुटलं, कुठे पडलं, त्यांना कळलं नाही.

दवाखान्याच्या लांब बोळात मुलगी आली ती चपला हातात घेऊन धावत. तिला आधी आत नेलं. नवऱ्याला ऑपरेशनला न्यायच्या आधी दोन मिनिटं भेटली. मामा बाहेर भिंतीला टेकून बाकावर बसले होते, हातांना मलमपट्टी. जरा वेळाने ती बाहेर येऊन शेजारी बसली, आणि दोघं समोरच्या दारावरच्या दिव्याकडे बघत राहिली. दिवा विझायला संध्याकाळ झाली. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले की जीव वाचला आहे, पण पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मुलगी रडली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता रडली. मग डोळे पुसले, आणि मामांचा पट्टी बांधलेला हात अलगद आपल्या मांडीवर घेतला.

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "मला सांगितलंय त्यांनी. म्हणाले, सगळं चांगलं चाललं होतं, अचानकच चाक फुटलं. मामांना कळायच्या आत झालं, त्यांना काही बोलू नकोस, म्हणाले. नशीब म्हणायचं. तुमचे हात तरी वाचले."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्यांच्याविषयी माया होती, एवढ्या दुःखातही होती. गप्प राहणं सोपं होतं. आतल्या माणसाने स्वतः पाय गमावून त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. मुलगी राहिली असती, नातं राहिलं असतं. आणि त्या खोट्याच्या सावलीत मामा मरेपर्यंत सुखाने बसले असते, असं त्यांना क्षणभर वाटलंही.

"अचानक नाही झालं," ते म्हणाले.

"काय?"

"निघतानाच सांगितलं होतं त्यांनी, चाक बसलंय म्हणून. मग वास आला तेव्हा सांगितलं. पंक्चरवाल्यापाशी थांबा म्हणाले. शेवटी हात जोडले त्यांनी."

मुलीच्या मांडीवरचा हात तिथेच होता. तिने तो धरला नव्हता आणि सोडलाही नव्हता.

"मग तुम्ही काय केलं?"

"पळवली."

"आणि फुटलं तेव्हा ते चाकापाशी कशाला गेले?"

हे नाही सांगितलं तरी चालेल, असं मामांच्या आतून कोणीतरी म्हणत होतं. "मी खोके काढायला सांगितले. ट्रकवाला नको म्हणत होता."

तिने त्यांचा हात उचलला, काचेची वस्तू ठेवावी तसा जपून बाकावर ठेवला आणि उठली. रागावली असती, ओरडली असती, तर मामांनी ते अंगावर घेतलं असतं. ती नुसती म्हणाली, "माझ्यासाठीच केलंत ना सगळं? मला माहीत आहे. म्हणून तर मला काही बोलताही येत नाही." आणि ती आत गेली. दार झुलत राहिलं, मग बंद झालं.

मामा बसून राहिले. बोळातली माणसं कमी झाली. कोणीतरी फरशी पुसून गेलं, ओल वाळली. बऱ्याच वेळाने एक नर्स बाहेर आली. "शुद्धीवर आलेत," ती म्हणाली. "पाणी मागतायत. ताईंचा डोळा लागलाय, उठवत नाही त्यांना. नात्यातलं कोणी आहे का इथे? एका माणसाला आत सोडते."

मामा उठले. दोन पावलं टाकलीही.

"तुम्ही त्यांचे कोण?" नर्सने विचारलं.

मामांनी तोंड उघडलं. आतून कण्हण्याचा आवाज येत होता.

"ड्रायव्हर," ते म्हणाले.

"मग नाही सोडता येणार," नर्स म्हणाली. "बसा तुम्ही. मीच देते पाणी."

मामा परत येऊन बाकावर बसले.